एक्सटर्नल हार्ड डिस्क घेताय? वॉरंटीचं काम पहिल्याच आठवड्यात उरका

डिस्क बंद पडली की घरात दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते, बिलाची आणि फोटोंची. बिल सापडलं तर डिस्क बदलून मिळते. फोटो मिळत नाहीत, कारण दुकानदार ज्या '३ वर्षांच्या वॉरंटी'ची ग्वाही देतो ती फक्त वस्तूची असते, आत साठवलेल्या मजकुराची नसते. ही वस्तूची वॉरंटीसुद्धा नीट पदरात पडायची असेल तर त्याची निम्मी तयारी डिस्क नवी असतानाच करावी लागते. पहिल्यांदा डिस्क घेणाऱ्यांसाठी ती तयारी इथे क्रमाने दिली आहे.

आधी, आपण घेतोय काय

बाजारात नावं भरपूर दिसली तरी फिरती तबकडी असलेल्या डिस्क आज जगात तीनच कंपन्या बनवतात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकीचे यांच्याच डिस्क आपल्या डब्यात घालून विकतात. लासी ही तर सीगेटच्याच मालकीची आहे.

खिशात मावणारी, एकाच केबलवर चालणारी ती २.५ इंची. टेबलावर ठेवायची, वेगळा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागणारी ती ३.५ इंची. घरच्या बॅकअपसाठी बहुतेक लोक २.५ इंची घेतात, आणि बहुतेकांना ती पुरतेही. फक्त तिच्या दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट सॉकेटची. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि एलिमेंट्ससारख्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डवर झाळलेलं असतं. डबा उघडून डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या केसिंगमध्ये लावली, हा उपाय तिथे चालत नाही, कारण आत साटाचं, म्हणजे डिस्क जोडायचं नेहमीचं, सॉकेटच नसतं. माय पासपोर्टमध्ये तर तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी सगळा डेटा बोर्डवरची चिप एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपातच, लिहिते. म्हणजे सॉकेट तुटणं किंवा बोर्ड जळणं ही वरवर किरकोळ वाटणारी बिघाडंसुद्धा डेटाच्या दृष्टीने मोठी ठरतात. सीगेटच्या पोर्टेबलमध्ये सहसा साधी साटा डिस्क आणि तिला जोडलेला छोटा यूएसबी बोर्ड असे दोन भाग असतात. वॉरंटी संपलेल्या डिस्कच्या बाबतीत ही गोष्ट पथ्यावर पडते.

दुसरी गोष्ट वेगाची. आजच्या बहुतेक २.५ इंची डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. त्यात लिखाणाचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीला वेग सेकंदाला १०० एमबीच्या पुढे दिसतो आणि मोठी कॉपी चालू असताना अचानक १५-२० वर येतो. तो बिघाड नव्हे, आणि 'स्लो चालते' म्हणून केलेला क्लेम त्यामुळेच परत येतो. साठवून ठेवायला ही डिस्क चांगली, तिच्यावरूनच व्हिडिओ एडिटिंग करायला नाही.

खरेदी करताना

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापलेलं हवं. भारतात पॅकबंद आयात मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर माल अधिकृत मार्गाने आलेला नाही असं समजा. दुकानदार 'तीच कंपनी, तोच माल, चारशे रुपये कमी' म्हणेल. ते खरंही असेल, पण ती डिस्क आखाती देशासाठी किंवा सिंगापूरसाठी निघालेली असेल तर इथलं सर्व्हिस सेंटर ती घेणार नाही. दुबईहून किंवा अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या डिस्कचंही तेच. वॉरंटी बहुधा विक्रीच्या प्रदेशापुरती असते आणि तिची मुदतही देशागणिक बदलते. भारतात पोर्टेबल डिस्कवर सहसा ३ वर्षं छापलेली दिसतात. तेच मॉडेल दुसऱ्या देशात १ किंवा २ वर्षांचंही असतं.

बिल जीएसटीचं, तुमच्या नावाचं आणि डिस्कचा सिरियल नंबर लिहिलेलं घ्या. नंबर लिहायला दुकानदार कुरकुरतात. तरी थांबा आणि लिहून घ्या. बिल नसेल तर कंपनी वॉरंटी डिस्क बनल्याच्या तारखेपासून मोजते, आणि दुकानाच्या फळीवर आठ महिने पडून राहिलेल्या डिस्कचे ते आठ महिने तुमच्या खात्यातून जातात.

दोन प्रकारांपासून लांब राहा. एक म्हणजे '१६ टीबी एसएसडी फक्त १४९९'. त्या डब्यात साधं मेमरी कार्ड असतं आणि त्यातला प्रोग्राम संगणकाला १६ टीबी असल्याची थाप मारतो. खरी जागा संपली की पुढचं सगळं जुन्यावर लिहिलं जातं. नावं यादीत दिसत राहतात, फाइल मात्र उघडत नाही. दुसरा प्रकार म्हणजे बाजारात जुळवलेला डबा. केसिंग नवं, आतली डिस्क कुणाच्या तरी लॅपटॉपमधून निघालेली. तिच्यावर कंपनीची वॉरंटी नसते. 'दुकानाची १ वर्ष' एवढंच असतं, आणि तेही दुकान तिथे असेपर्यंत.

पहिली संध्याकाळ

डिस्क घरी आली की फोटो भरायची घाई करू नका. ऑनलाइन घेतली असेल तर बदलून घ्यायची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते, आणि सगळ्यात सोपी वॉरंटी तीच. ती संपेपर्यंत डिस्कला पिळून घ्यायचं.

१. मागच्या स्टिकरचा आणि बिलाचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे मोबाइल बदलला तरी हरवणार नाही. थर्मल कागदावरचं बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होतं, आणि स्टिकरवरची शाई बॅगेत घासून पुसली जाते.

२. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी तपासा. देश आणि संपण्याची तारीख दोन्ही बघा, तारीख चुकीची असेल तर आत्ताच बिल अपलोड करून दुरुस्त करून घ्या. नंबर बाहेरच्या स्टिकरवरचाच टाकायचा. सॉफ्टवेअर दाखवतं तो आतल्या डिस्कचा नंबर असतो आणि तो अनेकदा वेगळा निघतो.

३. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स (मॅकवर यूएसबी डिस्कची ही नोंद त्याला सहसा वाचता येत नाही). डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात, ती इथे दिसते. नव्या डिस्कचे पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे ती चालू राहिल्याचे तास, शून्य किंवा एक-दोन असायला हवेत. तिथे ४०० दिसले तर डिस्क वापरलेली आहे, परत करा. शून्य दिसलं म्हणून मात्र डोळे मिटू नका. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत डेटा सेंटरमध्ये हजारो तास चाललेल्या सीगेट डिस्क, ही नोंद पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. कंपनीच्या आणखी आतल्या नोंदींमुळे ते पकडलं गेलं. सॉकेटवर ओरखडे, स्टिकरची उचकटलेली कड, सीलवर दुसरी चिकटपट्टी हे डोळ्यांनीही तपासायचं.

४. आता खरी परीक्षा. संपूर्ण डिस्क एकदा भरून, भरलेलं परत वाचून बघायचं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफ३. दोन्ही मोफत. २ टीबीच्या डिस्कला सेकंदाला सरासरी १०० एमबी धरले तर लिहायला साडेपाच तास आणि वाचायला तेवढेच. रात्री लावून झोपा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा. यात खोटी क्षमता पकडली जाते, आणि कमजोर सेक्टर (तबकडीवरचे साठवणीचे बारीक तुकडे) असतील तर तेही. परीक्षा झाल्यावर तिसरी पायरी पुन्हा करा. तास वाढलेले दिसणारच, पण खराब सेक्टरचे आकडे (०५, सी५, सी६) शून्यावरून हलले असतील तर डिस्क ठेवायची नाही.

२ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. तक्रार करून उपयोग नाही.

५. फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, ठरवा. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये बदलांची आगाऊ नोंदवही नसते, त्यामुळे लिहिताना केबल निघाली तर अख्खी यादी बिघडू शकते. एक्सफॅट वापरत असाल तर 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल कधीच ओढू नका.

६. एन्क्रिप्शन आत्ताच लावा. हे बहुतेकांना सुचतच नाही. वॉरंटीत दिलेली डिस्क परत येत नाही, बदली दुसरी येते. मेलेल्या डिस्कमधलं आधार कार्ड, बँकेची स्टेटमेंट, घरचे फोटो पुसायचे कसे? डिस्क चालूच होत नाही. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, नसेल तर व्हेराक्रिप्ट. बिटलॉकरची रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर डिस्क उघडणारा लांब आकडा) किंवा व्हेराक्रिप्टचा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच डिस्कवर की साठवणारे लोक असतात.

बिघडतं ते बहुधा यामुळे

अमेरिकेतली बॅकब्लेझ ही बॅकअप कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते. वर्षभरात बंद पडणाऱ्यांचं प्रमाण अलीकडे दीड टक्क्याच्या आसपास आहे. पण त्या ३.५ इंची डिस्क रॅकमध्ये घट्ट बसवलेल्या, थंड हवेत, न हलता चालतात. आपली डिस्क बॅगेतून एसटीने प्रवास करते. त्या तक्त्यावरून 'अमुक कंपनीची पोर्टेबल चांगली' ठरवण्यात अर्थ नाही. डिस्क कुणाची यापेक्षा ती कशी हाताळली, याने फरक जास्त पडतो.

पडणं हे पहिलं कारण. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. बंद असताना ते बाजूच्या उतारावर जाऊन बसतं, म्हणून बंद डिस्क छोटा धक्का सोसते. चालू डिस्क टेबलावरून सोडाच, उभी ठेवलेली आडवी पडली तरी घात होऊ शकतो. केबल लटकती ठेवू नका, मांडीवर डिस्क घेऊन कॉपी करू नका, आणि इजेक्ट केल्यावर उचलण्याआधी दहा सेकंद थांबा. तबकडी थांबायला तेवढा वेळ लागतो.

दुसरं कारण वीज. सुरू होताना मोटरला एकदम जास्त करंट लागतो. यूएसबी २चा पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३चा ९००. जुना लॅपटॉप, डेस्कटॉपचा पुढचा पोर्ट, चार फाटे फुटलेला हब किंवा दीड मीटरची स्वस्त केबल असेल तर डिस्क 'टिक… टिक…' करते, दिसते आणि गायब होते. लोक ती मेली समजून सर्व्हिस सेंटरला जातात आणि तिथे ती सुरळीत चालते! म्हणून आधी सोबत आलेली आखूड केबल, मागचा पोर्ट, दुसरा संगणक, या क्रमाने बघा. मायक्रो-बी हे चपटं, रुंद सॉकेट सगळ्यात नाजूक. केबल तिरकी ओढली की ते सैल होतं, आणि तुटलेलं सॉकेट वॉरंटीत बसत नाही.

तिसरं कारण हवा. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या घरात दुपारी पंख्याखालीच ४० असतं. मोठी कॉपी रात्री करा, डिस्क गादीवर नको, फरशीवर किंवा टेबलावर. सॉफ्टवेअरमध्ये ५५ अंश दिसले की कॉपी थांबवा. कोकणात आणि गोव्यात प्रश्न दमट, खारट हवेचा. डिस्कच्या कवचाला हवेच्या दाबासाठी बारीक छिद्र असतं, म्हणजे ओल आतही पोचते. डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या पावसाळ्यात दोनदा बदला, आणि महिन्यातून एकदा तासभर तरी चालवा.

३.५ इंची डिस्क थेट भिंतीच्या प्लगवर असते. जिथे वीज येते-जाते तिथे ती यूपीएसवरच लावा.

महिन्याला पाच मिनिटं

क्रिस्टलडिस्कइन्फोत तीनच ओळी बघायच्या: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले व निर्णय बाकी असलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. हा रकाना मुळात सोळाच्या पटीतल्या अंकांत असतो, १० दिसले तर ते १६ असतात. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्या. सीगेटच्या डिस्कवर 'रीड एरर रेट'समोर कोट्यवधींचा आकडा दिसतो. तो त्यांच्या मोजणीच्या पद्धतीमुळे, त्याने घाबरू नका. सी७ हा केसिंगच्या आतल्या जोडणीचा आकडा आहे, यूएसबी केबलचा दोष त्यात दिसत नाही.

०५चा आकडा एकदा ८ झाला आणि तिथेच थांबला तर डिस्क दुय्यम कामाला चालेल. दर महिन्याला वाढत असेल किंवा सी५ शून्यावरून हलला असेल तर त्याच दिवशी कॉपी काढा. वॉरंटी चालू असेल तर क्लेम करण्याची वेळही हीच. डिस्क अजून वाचता येते, पुसून पाठवता येते. पूर्ण बंद पडायची वाट बघण्यात शहाणपण नाही.

आणि शून्य म्हणजे अभय नव्हे. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्क अभ्यासल्या, तेव्हा बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या चार मुख्य आकड्यांत आधी काहीच दिसलं नव्हतं. म्हणून एकच प्रत असलेल्या डिस्कला बॅकअप म्हणायचं नाही. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि अगदी मोलाचं तेवढं क्लाउडवर किंवा गावच्या घरी.

बंद पडली तर

आवाज ऐका. लयीत खट-खट येत असेल, आणि केबल व पोर्ट बदलूनही थांबत नसेल, तर हेडचं दुखणं आहे. बारीक बीप-बीप म्हणजे मोटर फिरू बघतेय आणि अडकलीय. दोन्हींत वीज काढा आणि पुन्हा पुन्हा जोडून बघू नका, प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडली जाऊ शकते. फ्रीजरमध्ये ठेवणं आणि तळहातावर आपटणं हे इंटरनेटवरचे उपाय आजच्या डिस्कला मारकच आहेत.

आवाज नाही, पण विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' विचारतं, तर उत्तर नाही. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणीही चालवू नका. ती दुरुस्तीच्या नावाखाली त्याच आजारी डिस्कवर लिहायला लागते. लिनक्सची थोडी सवय असलेल्या कुणाकडून डीडीरेस्क्यू या आजारी डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने आधी पूर्ण प्रत काढा, मग त्या प्रतीवर हवे ते प्रयोग करा.

इथे एक निवड करावी लागते. डेटा हवा आहे की डिस्क? गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने कवच उघडलं की वॉरंटी गेली. मान्यताप्राप्त रिकव्हरी लॅबने उघडली आणि तसं पत्र दिलं तर काही कंपन्या क्लेम मान्य करतात. आधी कंपनीला लेखी विचारा. सीगेटच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्कसोबत 'रेस्क्यू' नावाची रिकव्हरी सेवा ठरावीक मुदतीसाठी येते. खोक्यावर ती लिहिलेली असूनही लोक बाहेर पैसे भरून बसतात. ती असेल तर बदलीचा क्लेम न करता आधी ती मागा, कारण बदलीत दिलेली डिस्क हातातून गेलेली असते.

क्लेम

कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून विनंती नोंदवा, कारणात नेमकं लिहा: 'सी५ आकडा ४८', 'दोन संगणकांवर ओळखली जात नाही'. मिळालेला क्रमांक छापून पार्सलमध्ये टाका. फक्त डिस्क पाठवायची; केबल, पाउच, ॲडॅप्टर घरी ठेवा, ते बहुधा परत येत नाहीत. चारही बाजूंनी दोन-दोन इंच फोम, नुसतं बबल रॅप पुरत नाही. पॅक करण्याआधी सहाही बाजूंचे आणि सॉकेटचे फोटो काढा. 'कोपरा चेपलेला आहे' हे क्लेम नाकारण्याचं एक नेहमीचं कारण आहे, आणि वाटेत चेपला हे फोटोशिवाय सिद्ध होत नाही.

बदली आलेली डिस्क दुरुस्त केलेली, 'रीसर्टिफाइड' असू शकते. अटींत तसं लिहिलेलं असतं. वॉरंटी नव्याने ३ वर्षं मिळत नाही, सहसा जुनीची उरलेली मुदत किंवा ठरावीक किमान दिवस, यातलं जे जास्त असेल ते मिळतं.

मुदतीत असूनही नाकारलं तर कारण ईमेलवर मागा. तोंडी 'होत नाही' ऐकून परत येऊ नका. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येतं आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील लागतोच असंही नाही. बिल, वॉरंटी पानाचा स्क्रीनशॉट आणि नकाराचा ईमेल हे तीन कागद पुरावा म्हणून जोडायचे. यातला पहिला पहिल्या संध्याकाळीच तुमच्या ईमेलमध्ये जाऊन पडलेला असेल.

बदली डिस्क हातात आली की तिचा नवा सिरियल नंबर साइटवर तपासा आणि एच२टेस्टडब्ल्यू पुन्हा रात्रभर लावा.